कोल्हापुरात मोठा कारखाना येईपर्यंत थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत चार वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकीय मिलिंग मशिनवर काम केलंय. दावोसच्या परिषदेत राज्यानं केलेल्या गुंतवणूक करारांच्या बातम्या वाचून आता विचारताय, की इकडे मोठी कंपनी येईल म्हणून थांबावं, चाकणला जावं, की सरकारी योजनेतून स्वतःचं मशिन टाकावं. मी आधी उद्यमनगरात लेथवर होतो, नंतर २७ वर्षं शिरोलीत मशिनशॉप चालवतोय. जे बघितलंय तेवढंच सांगतो.

थांबू नका. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्यानं १५.७० लाख कोटींचे करार केले आणि त्यातून सुमारे १६ लाख रोजगार होतील असं जाहीर केलं. भागाकार करा, एका नोकरीमागे जवळपास एक कोटी रुपये पडतात. पोलाद काय, डेटा सेंटर काय, भांडवल प्रचंड आणि माणसं मोजकी. राज्याला ते हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या शॉपमध्ये एक व्हीएमसी दोन पाळ्यांत चालली तर दोन ऑपरेटर, एक डिबरिंगला (कापलेल्या कडा घासून साफ करायला) आणि तपासणीवाल्याचा अर्धा दिवस, एवढ्यांची चूल पेटते. ते मशिन कोटीचं नसतं. कोल्हापूरचा रोजगार असाच वाढलाय, दहा-दहा माणसांच्या शेडमधून.

सरकारचं मुख्य हत्यार म्हणजे सामूहिक प्रोत्साहन योजना. १९६४ पासून ती वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावा म्हणून तालुक्यांचे गट पाडलेत, आणि मागास तालुक्याला सवलत जास्त. हेतू चांगलाच आहे. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. या योजनेच्या २०१९ च्या रूपात मुख्य परतावा, म्हणजे उद्योगाला परत मिळणारी रक्कम, राज्याच्या जीएसटीवर बांधला, तोही राज्यातच बिल होऊन राज्यातच पोचलेल्या मालावर. आता आपल्या कास्टिंगचा, म्हणजे फौंड्रीत ओतलेल्या धातूच्या भागांचा ट्रक कुठं जातो बघा. होसूर, चेन्नई, हरियाणा. त्यावर लागतो आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी, म्हणून त्या बिलावर परतावा शून्य. माणसं कोल्हापूरची, भट्टी कोल्हापूरची, पण सवलतीच्या हिशेबात तो माल जणू इथं झालाच नाही. परतावा पीएफच्या यादीतल्या माणसांवर दिला, तर आपल्याकडच्या कितीतरी फौंड्रींना उद्याच भरती करावीशी वाटेल, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं दुखणं विजेचं. इंडक्शन फर्नेस, म्हणजे धातू वितळवणारी विजेची भट्टी चालवणाऱ्याला विचारा, युनिटमागे रुपया वाढला की कास्टिंगचा नफा कुठं जातो ते. २०१३ च्या सुमारास इथल्या उद्योजकांनी कर्नाटकात जाण्याची भाषा उघडपणे केली, त्यात वीजदर हे मोठं कारण होतं. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर, कागल ओलांडलं की सीमा. दावोसला न जाताही मुंबईत बसून सोडवता येईल असा हा प्रश्न आहे.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळासाठी शाहूपुरीची पेठ वसवली, पुढं राधानगरीचं धरण हाती घेतलं. आधी बाजार आणि पाणी, मग धंदा आपोआप. तेव्हा बाजार आणि पाण्याला जे महत्त्व होतं, ते आज वीज, रस्ता आणि गाळ्यांना आहे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा तयार माल दिवसेंदिवस पडून राहिला. ते दिवस मी विसरू शकत नाही.

आता तुमचं. स्वतःचा उद्योग टाकायला बँकेच्या कर्जावर अनुदान देणारा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. अनुदान प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के, प्रवर्ग आणि जागेनुसार. सर्वसाधारण गटाला शहरात १५, ग्रामीण भागात २५. म्हणून जागा ठरवण्याआधी ती कोणत्या हद्दीत येते ते बघा, दहा टक्क्यांचा फरक पडतो. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटात १० टक्के. ध्यानात ठेवा, अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता पूर्ण कर्जाचाच धरून गणित मांडा.

माझ्या पुतण्याची फाईल एका बँकेनं दोनदा परत पाठवली. कारण एकच, हातात काम असल्याचा कागद नव्हता. तिसऱ्या वेळी दोन फौंड्रींची जॉबवर्क, म्हणजे त्यांच्या मालावर मजुरीनं करायचं काम, देण्याची पत्रं जोडली आणि कर्ज मंजूर झालं. नुसती आलेली फाईल कोणती आणि कामासकट आलेली कोणती, बँकेला लगेच कळतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे, पण नोंदणी नसेल तर तो तुमच्या कामाचा नाही. जॉबवर्कवाले बुडतात ते काम नाही म्हणून नव्हे, पैसे नव्वद दिवस अडकतात म्हणून.

चाकणला गेलात तर शिकायला मिळेल, पण नेमणूक ठेकेदाराकडून असेल तर नीट विचार करा. खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात काय उरतं ते कागदावर लिहा. माझं म्हणणं, आहे तिथंच आणखी वर्षभर राहा. त्या वर्षात फिक्स्चरचं (जॉब मशिनवर पकडून ठेवणाऱ्या साच्याचं) डिझाइन आणि मशिनचं प्रोग्रॅमिंग स्वतःच्या हातानं करा, आणि सुट्टीच्या दिवशी फौंड्रींच्या खरेदी विभागात चेहरा दाखवत जा. पत्रं मिळाली की मगच मशिनचं कोटेशन मागवा.