वाचकांचे प्रश्न : एक ऑगस्टच्या आधी

एक ऑगस्ट जवळ आला की लोकमान्य टिळकांविषयीची पत्रे वाढतात. यंदा बहुतेक पत्रे दापोली ते वेंगुर्ले या पट्ट्यातून आली. त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

आमच्या शाळेत एक ऑगस्टला वक्तृत्व स्पर्धा असते. बहुतेक भाषणे एकाच साच्याची असतात. परीक्षक म्हणून कोणत्या चुका हटकून तपासाव्यात? — एक शिक्षिका, दापोली

पाच मिनिटांत मूल साडेचारशे-पाचशे शब्द बोलते. शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्यातले दीडशे खाते, आणि मग १८९७, १९०८ आणि १९१६ ही तिन्ही वर्षे शेवटच्या मिनिटात कोंबली जातात. गोष्ट एका वाक्यात आटपायला सांगा.

चुका साधारण त्याच त्याच असतात. ‘केसरी’ टिळकांनी एकट्याने काढला, ही पहिली. मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ ही दोन्ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली ती चिपळूणकर, आगरकर, टिळक आणि सहकाऱ्यांची म्हणून. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. टिळकांकडे संपादकपद आले १८८७ मध्ये, सुधारणांच्या प्रश्नावर दोघांचे बिनसल्यावर. आगरकरांचे नाव गाळणाऱ्या भाषणाचे गुण आम्ही तरी नक्की कापू.

दुसरी चूक म्हणजे ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे वाक्य १९०८ च्या न्यायालयात घालणे. ती घोषणा गाजली होमरूलच्या, म्हणजे स्वराज्याच्या चळवळीच्या दौऱ्यांत, १९१६-१७ मध्ये. १९०८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवल्यावर टिळक जे बोलले त्याचा आशय असा : ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, मनुष्याच्या न्यायालयापेक्षा वरच्या शक्ती आहेत, आणि माझ्या मोकळे राहण्यापेक्षा माझ्या दुःख भोगण्यानेच माझे कार्य पुढे जावे अशी कदाचित त्यांची इच्छा असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच दालनात आज हे शब्द शिलेवर कोरलेले आहेत.

तिसरी, टिळकांना अंदमानला पाठवणे. शिक्षा काळ्या पाण्याची झाली हे खरे, पण भोगावी लागली ती साध्या कैदेच्या रूपात, ब्रह्मदेशात मंडालेला. चौथी, ते काँग्रेसचे अध्यक्ष होते असे सांगणे. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली होती, पण ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी विलायतेला जायचे म्हणून त्यांनी ती नाकारली. अध्यक्षस्थानी ते कधीच बसले नाहीत.

तुमच्या विद्यार्थ्यांनी हमखास सांगावी अशी गोष्ट तुमच्याच तालुक्यात आहे. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव, तालुका दापोली. जन्म रत्नागिरीत झाला तो वडील गंगाधरपंत तिथे शिक्षक होते म्हणून, २३ जुलै १८५६ रोजी. वडिलांची बदली झाली आणि १८६६ मध्ये दहा वर्षांचा बाळ पुण्याला गेला.

टिळकांना राजद्रोहाची शिक्षा दोनदा झाली की तीनदा? — कायद्याचा विद्यार्थी, चिपळूण

राजद्रोहाच्या कारवाया तीन, शिक्षा दोन. घोटाळा होतो तो १८८२ च्या तुरुंगवासामुळे. त्या वेळी टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, पण तो खटला अब्रुनुकसानीचा होता, कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांनी भरलेला. ज्या पत्रांवर विसंबून लिहिले ती बनावट निघाली आणि बाजू ढासळली.

१८९७ चा खटला नीट वाचा. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली २२ जूनला. खटल्यातला मजकूर मात्र त्याच्या आठवडाभर आधीचा, १५ जूनच्या ‘केसरी’तला : ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवजयंती उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख ६ जुलैचा. त्यासाठी शिक्षा झाली असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते, ते चूक आहे. न्या. स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलम १२४ अ मधल्या ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! ज्यूरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली. सहा युरोपीय एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या. शिक्षा अठरा महिने, सुटका सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधी. १८९८ मध्येच सरकारने ते कलम बदलून आणखी रुंद केले.

१९०८ मध्ये आरोपाच्या मुळाशी दोन लेख होते : १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. झडतीत एक पोस्टकार्ड सापडले, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे. तेही पुराव्यात आले. टिळकांनी वकील न देता स्वतः बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक. त्यातला मोठा भाग मराठी शब्दांवर खर्च झाला, कारण ज्यूरीपुढे होते ते लेखांचे इंग्रजी भाषांतर आणि बहुतेक ज्यूरर मराठी न जाणणारे. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी शब्द धरून घेतली : मुळात या शब्दाचा रोख काय, भाषांतरात तो किती चढला. तुम्ही कायदा शिकता आहात, तर हा भाग मुळातून वाचाच. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षे आणि एक हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यावर सहा दिवस संप केला.

तिसरी कारवाई १९१६ ची. होमरूलच्या भाषणांवरून वर्षभराच्या चांगल्या वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले होते. टिळकांची बाजू जिनांनी मांडली आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. भाषणे सुटी वाक्ये काढून नव्हे, सलग वाचली गेली म्हणून हे साधले.

गीतारहस्य दोनदा हाती घेतले, दोन्ही वेळा मध्येच अडकलो. कसे वाचावे? आणि तुरुंगात एवढे लिहिले तरी कसे? — निवृत्त पोस्टमास्तर, गुहागर

तुम्ही सातव्या-आठव्या प्रकरणात अडकला असाल. कापिलसांख्य आणि ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ इथे बरेच वाचक थांबतात. पंधरा प्रकरणे ओळीने वाचायचा हट्ट सोडा. आधी पहिली तीन घ्या. दुसरे ‘कर्मजिज्ञासा’ तर कुणालाही धरून ठेवते, कारण खरे बोलावे की जीव वाचवावा, अशा पेचांनी ते भरलेले आहे. मग थेट अकरावे, ‘संन्यास व कर्मयोग’. ग्रंथाचा कणा तोच आहे : ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचे नाही. त्यापाठोपाठ बारावे. एवढे झाले की चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सावकाश या. चौदावे गीतेच्या अध्यायांची संगती लावते. ते मूळ गीता शेजारी ठेवून वाचावे.

लिहिण्याविषयी. शाई मिळत नव्हती, सुटे कागदही नाहीत. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल. खोली लाकडी गजांची, ऊन, वारा, धूळ थेट आत. मधुमेहामुळे जेवणावर बंधने. पहिला खर्डा त्यांनी कार्तिक ते फाल्गुन शके १८३२ एवढ्या अवधीत उतरवला. शकाचे इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा ७९. म्हणजे नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११. जून १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारकडेच राहिल्या. त्या परत मिळाल्यावर संदर्भ तपासून ग्रंथ जून १९१५ मध्ये छापून निघाला.

‘ओरायन’मध्ये टिळकांनी मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढला म्हणतात. तो हिशेब आम्हा शेतकऱ्यांना कळेल असा सांगाल का? — भात-आंबा बागायतदार, वेंगुर्ले

नक्की कळेल, कारण अर्धा हिशेब तुम्ही दरवर्षी करताच. सूर्य मृगात जातो तो ७-८ जूनला. दिवस-रात्र समान होतात, म्हणजे वसंतसंपात येतो, तो २०-२१ मार्चला. मधले अंतर सुमारे ७९ दिवस. उन्हाळ्यात सूर्य दिवसाला एक अंशापेक्षा थोडा कमी सरकतो, म्हणून ते सुमारे ७७ अंश. आता संपातबिंदू स्वतः नक्षत्रांतून मागे सरकतो, ७२ वर्षांत एक अंश. सत्त्याहत्तर गुणिले बहात्तर, सुमारे साडेपाच हजार वर्षे. हा झाला नक्षत्राचा आरंभ. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे (साठ कलांचा एक अंश), तेव्हा त्याचा मध्य धरला तर आणखी ६ अंश ४० कला, म्हणजे ४८० वर्षे. बेरीज सहा हजारांच्या आसपास, अर्थात इसवी सनापूर्वी ४०००. वसंतसंपात मृगात असतानाच्या खुणा ऋग्वेदात आहेत, असे टिळकांचे म्हणणे; ग्रंथ १८९३ मध्ये निघाला.

गणित पक्के आहे. वाद आहे तो वेदातल्या वचनांचा अर्थ टिळकांनी लावला तसाच लागतो का, यावर. घरी करून पाहताना पंचांगातला मृगप्रवेश घ्या. पाऊस पडला तो दिवस घेतलात तर दहा दिवसांच्या फरकाने सातशे वर्षे इकडची तिकडे होतील.

रत्नागिरीत एका दिवसात काय पाहावे? — वाचक, राजापूर

टिळक आळीतले जन्मघर सकाळी, मग थिबा राजवाडा. दोन्ही एकाच दिवशी पाहा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा मंडालेहून आणून १८८६ पासून रत्नागिरीत ठेवला होता. राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला आला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. म्हणजे टिळक मंडालेला गीतारहस्याच्या वह्या भरत होते, तेव्हा मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी कैदेत होता.