सांध्यांपाशी वाकणारा सरळ रूळ

प्रश्न : माझ्या एचओ (१:८७) प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेत भिंतीलगत सुमारे ३ मीटरचा सरळ मार्ग आहे. फ्लेक्सिबल ट्रॅकचे (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचे) तुकडे पट्टी लावून खिळ्यांनी बसवले आणि सगळे सांधे डाखले (सोल्डर केले). तरीही डबे डोलतात आणि उन्हाळ्यात दोन सांध्यांपाशी रूळ बाजूला फुगतो. सगळा मार्ग उखडावा का?

उत्तर : तसा निर्णय घेण्याआधी डोळा रुळाच्या पातळीवर आणून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. अशा नजरेला मार्गाची लांबी आखडलेली दिसते, बाजूचा बाक मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे वरून न जाणवणारे अर्ध्या मिलिमीटरचे वळणही स्पष्ट दिसते. आपण पट्टी बहुधा एकेका तुकड्याला लावली असावी. तुकडे सरळ, पण सांध्यात कोन, असा प्रकार त्यातूनच होतो. म्हणून सुतार मारतात तसे पूर्ण लांबीचे सूत मारून मध्यरेषा आखावी आणि पट्टी रुळाच्या आतल्या कडेला अशी धरावी की सांधा तिच्या मधोमध येईल. भिंतीपासून मापे घेऊ नयेत, कारण भिंत सरळ असेलच याची खात्री नसते.

सांध्यावर थोडा वेळ घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. कापलेल्या रुळाच्या टोकाला राहिलेली बारीक कोर कानशीने काढली नाही, तर फिशप्लेट (दोन रुळांची टोके जोडणारी पत्र्याची पट्टी) तिरकी चढते आणि कितीही दाबले तरी टोके एका ओळीत येत नाहीत. फिशप्लेटला जागा देण्यासाठी काढलेले स्लीपर (रुळांखालचे आडवे तुकडे), त्यांवरचे रूळ धरणारे उंचवटे तासून, नंतर खालून सरकवावेत.

खिळा स्लीपरच्या मध्यावर जास्त ठोकला की स्लीपर खाली वाकतो, दोन्ही रूळ आत झुकतात आणि त्यांच्यामधले १६.५ मिलिमीटरचे अंतर कमी होते. डबे डोलण्याचे हेही एक कारण असू शकते. ठोकताना खिळ्याच्या डोक्याखाली जाड कागदाची पट्टी धरावी आणि नंतर ती ओढून काढावी.

उन्हाळ्यातील फुगण्याचे कारण डाखलेले सांधे हेच दिसते. निकेल-सिल्व्हरचा ३ मीटर रूळ तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले की सुमारे १ मिलिमीटर लांबतो, आणि टोके अडलेली असली तर ही वाढ बाजूला कितीतरी पटींनी मोठा बाक काढते. लाकडी पाया दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, हेही ध्यानात घ्यावे. त्यामुळे सरळ भागातील सांधे न डाखता त्यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी आणि वीज फिशप्लेटच्या भरवशावर न सोडता प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारा जोडाव्यात.

सगळे उखडण्याची गरज नाही. ते दोन सांधे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे हातभर रूळ मोकळे करून पुन्हा बसवावेत. त्यानंतरही डबे डोलले, तर दोन रुळांची आडवी पातळी तपासावी.