कुठल्या मेमोचं उत्तर?

“ताई, पाचशे रुपयांसाठी कोर्टात जायचं का?”

बडोद्यात चौकाचौकांत कॅमेरे लागले आणि घरोघरी वाहतुकीच्या दंडाचे ई-मेमो येऊ लागले, तेव्हापासून दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न सतत येतो. फक्त एवढंच विचारायला कुणी येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, घरात अबोला आहे म्हणून येतात, आणि बोलता बोलता पिशवीतून मेमोचा कागद निघतो. घरचे म्हणत असतात, भरून टाका आणि मोकळे व्हा. शेजारी सांगत असतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे तो मनात घोकत असतो, चूक नसताना का भरू?

यातल्या एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सहा-सात बैठका थोडक्यात आणल्या आहेत.

काका बासष्ट वर्षांचे, हिशेबाच्या खात्यातून निवृत्त झालेले. काकूंनीच त्यांना आणलं. “दीड महिना झाला, रात्री दोनला उठून बसतात आणि लिहीत राहतात,” त्या म्हणाल्या. काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून मेमो काढून माझ्यासमोर ठेवला. सयाजी हॉस्पिटलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा सिग्नल, लाल दिवा, आणि त्यांच्या स्कूटरचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे. दंड ५०० रुपये.

“मागून एकशेआठ आली होती, ताई. सायरन वाजत होता. मी चार हात पुढं सरकलो, तिला वाट दिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आलंय. ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर दहा हजार दंड. म्हणजे वाट दिली तर पाचशे आणि नाही दिली तर दहा हजार?”

मुद्दा बिनतोड होता. मी तसं म्हटलंही. मग त्यांनी फोल्डरमधून दुसरा गठ्ठा काढला. न्यायाधीशांपुढे मांडायचं निवेदन, हाताने लिहिलेलं, अकरा पानं.

एवढ्या साध्या गोष्टीला अकरा पानं कशाला लागावीत, हा प्रश्न माझ्या मनात तिथंच रुतला. माझी शिकवण अशी की घडलेली गोष्ट वेगळी आणि तिला आपण लावलेला अर्थ वेगळा. झोप उडते ती अर्थामुळे. म्हणून दुसऱ्या बैठकीत मी त्यांना सांगितलं, “कॅमेऱ्याला जेवढं दिसलं असेल तेवढंच सांगा. मनातलं काही नको.” काकांचं सांगणं तीन वाक्यांत संपलं. मी विचारलं, “आणि उरलेली दहा पानं?”

“ती तत्त्वाची आहेत.”

“न्यायाधीशांनी नाही म्हटलं तर?”

“वर हायकोर्ट आहे.” हे म्हणताना त्यांचा हात थरथरत होता.

हा शब्द, तत्त्व, मी फार जपून हाताळते. खरोखर तत्त्वासाठी भांडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ती माणसं रात्री झोपतात. हरलो तर काय, याचं उत्तर त्यांच्यापाशी तयार असतं. ज्याला हरणं परवडणारच नाही, त्याचं पणाला काहीतरी दुसरंच लागलेलं असतं. ते काय, हे शोधल्याशिवाय ‘भरा’ किंवा ‘लढा’ असा सल्ला देऊ नये, असं मला बावीस वर्षांच्या अनुभवाने वाटतं.

माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं, निवृत्तीनंतर कुणी विचारत नाही, त्याची ही ठसठस आहे. दोन बैठका मी त्याच दिशेने गेले. काका सौजन्याने उत्तरं देत राहिले आणि काही हललं नाही. तेव्हा मी ती अकरा पानं घरी नेऊन शांतपणे वाचली. अक्षर मोत्यासारखं, भाषा पक्की दफ्तरी. आणि नवव्या पानावर एक वाक्य होतं: ‘या खेपेला मी सही करणार नाही.’

मी ते वाक्य तीनदा वाचलं. पुढच्या बुधवारी काका खुर्चीत बसले आणि मी ते पान त्यांच्यापुढे धरलं.

“काका, ई-मेमोवर सही कुठं करायची असते?”

त्यांनी पान हातात घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाहेर रिक्षावाल्यांचा गलका चालू होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही या कामातली मोठी कमाई आहे आणि ती मला उशिरा साधली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “नसते.”

“मग ‘या खेपेला’ म्हणजे? आधी कधी केली होती?”

१९९६ सालची गोष्ट निघाली. ऑफिसात एका खात्यात तफावत निघाली. चूक दुसऱ्याची होती आणि साहेबांना ते ठाऊक होतं. तरी मेमो काकांच्या नावाने निघाला. साहेब म्हणाले, नुसती औपचारिकता आहे, ‘चूक मान्य’ लिहून सही करा, विषय संपेल. त्याच आठवड्यात काकूंचं ऑपरेशन ठरलं होतं; रजा हवी होती, उचल हवी होती. काकांनी सही केली. पुढची बढती एक वर्ष लांबली. घरी त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही.

गुजरातेत आपण वाहतुकीच्या चलनालाही मेमोच म्हणतो. नागपूरच्या किंवा पुण्याच्या माणसाला घरी चलन आलं असतं. काकांना मेमो आला, आणि अठ्ठावीस वर्षं बंद असलेली फाईल उघडली. अकरा पानं त्या जुन्या मेमोचं उत्तर होती. न्यायाधीशांनी ५०० रुपये माफ केले असते तरी त्या सहीला धक्का लागणार नव्हता, आणि म्हणूनच काकांना वर हायकोर्ट दिसत होतं.

मी सुचवलं, “त्या मेमोचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहा. साहेबांच्या नावानेच.”

“साहेब वारले, ताई.”

“असू दे. तुम्ही लिहा.”

त्यांनी दीड पान लिहिलं आणि माझ्या खोलीत, काकूंसमोर, वाचून दाखवलं. ‘सदर चूक माझी नव्हती’ या वाक्याशी आवाज अडकला. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तेव्हाच सांगायचं होतं. ऑपरेशन महिनाभर पुढं ढकललं असतं तर मी काही मरत नव्हते.” काका तोंड झाकून रडले. त्या रात्री ते सहा वाजेपर्यंत झोपले, हे काकूंनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून सांगितलं.

आता ५०० रुपयांच्या मेमोकडे मेमो म्हणून बघता येऊ लागलं, आणि हे बघणं सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे म्हणून सविस्तर सांगते. आधी फोटो नीट पाहायचा: नंबर आपलाच आहे का, गाडी आपलीच आहे का, वेळ आणि जागा जुळते का. कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला असेल तर वाहतूक शाखेत पुराव्यासह लेखी तक्रार करावी. डोक्याला ताप नको म्हणून दुसऱ्याचा दंड भरणारे मी पाहिले आहेत. तो ताप पुढे जातो, जिरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-ए हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या चुकीची नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी आणि प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत चित्रण जपून ठेवायला हवं, असं त्यात आहे. काकांसाठी हे मोलाचं होतं, कारण फोटोत ॲम्ब्युलन्स नव्हती, पण आधीच्या-नंतरच्या काही क्षणांत ती असू शकत होती.

मेमो व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात, गेला की पडद्यावर दोन वाटा असतात: दंड भरतो, किंवा हरकत घेतो. हरकत घेतली की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं, तारखा पडतात, तिथं उभं राहावं लागतं. लोकअदालतीबद्दल फार गैरसमज आहे. तिथं तडजोड होते. ‘तुम्ही निर्दोष’ असं कुणी म्हणत नाही. ज्याला ओझं उतरवायचं आहे त्याने जरूर जावं. ज्याला आपलं म्हणणं खरं ठरवून हवं आहे, त्याची तिथं निराशा होते. सगळ्यात वाईट वाट म्हणजे मेमो कपाटात टाकून देणं. भरायचा नाही आणि लढायचंही नाही, असे महिनोन्‌महिने ज्यांनी काढले, त्यांची झोप मला सगळ्यात जास्त बिघडलेली आढळते.

एक मुलगी आली होती. फोटोत मोबाइल कानाला लावलेला स्पष्ट दिसत होता, तरी लढायचं म्हणत होती, कारण ‘सगळेच बोलतात, मलाच का?’ तिला मी एवढंच विचारलं की फोटो खोटा आहे का. तिने तिथंच फोनवरून दंड भरला आणि पुढचा पाऊण तास आम्ही तिला खरोखर छळणाऱ्या गोष्टीबद्दल बोललो.

काकांना मी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. न्यायाधीशांनी नाही म्हटलं तर? ते हसले. “मग पाचशे भरीन. आणि पुढच्या वेळीही वाट देईन.” हे उत्तर आलं तेव्हा मला कळलं की आता त्यांनी काहीही ठरवलं तरी चालेल. त्यांनी हरकत घ्यायचं ठरवलं. अकरा पानांचं एक पान झालं: तीन वाक्यं घटनेची आणि एक विनंती, त्या वेळचं पूर्ण चित्रण पाहावं.

पहिल्या तारखेला काकूही बरोबर गेल्या. काकांच्या मनात कोर्ट म्हणजे सूरसागरासमोरचं जुनं न्यायमंदिर. आता सगळं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत आहे हे माहीत असूनही ते रिक्षावाल्याला आधी न्यायमंदिरच म्हणाले. त्या दिवशी सुनावणी झाली नाही, पुढची तारीख मिळाली. दोघं सेव-उसळ खाऊन घरी आले.

संध्याकाळी काकांचा फोन आला. “तारीख पुढच्या महिन्यातली आहे, ताई. आणि माझी बुधवारची वेळ दुसऱ्या कुणाला द्या.”