व्हिसा लागत नाही, मग काय काय लागतं?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मलेशियाला जातोय, मी, मिस्टर, सहा वर्षांचा मुलगा आणि धाकटे दीर. एजंट म्हणतो व्हिसा लागतच नाही, बॅगा भरा नि निघा. पण दीर नववीपर्यंतच शिकलेत, वय 34, पासपोर्ट ईसीआरवाला, आणि सगळे घाबरवतायत की मुंबईतच अडवतील. शिवाय मधे दोन दिवस सिंगापूर करायचंय. काय तयारी करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, एजंट अर्धंच खरं बोलतोय. 1 डिसेंबर 2023 पासून आपल्याला तिथं फिरायला 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे, म्हणजे त्यानंतर जायचं असेल तर आधी परत बघून घ्यायचं. पण व्हिसा नाही म्हणून तपासणी नाही असं होत नाही, जे वकिलातीत बघितलं असतं तेच आता चेक-इन काउंटरवर आणि क्वालालंपूरच्या इमिग्रेशनला बघतात. आत घ्यायचं का नाही ते शेवटी तिथला ऑफिसर ठरवतो, आणि नाही घेतलं तर परत आणायचं एअरलाइनच्या गळ्यात पडतं, म्हणून तर काउंटरवर रिटर्न तिकीट विचारतात.

दिरांचं आधी सांगते, कारण खरी काळजी तीच दिसतेय. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा शेरा असतो, ईसीआर म्हणजे परदेशात नोकरीला जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून ठराविक देशांसाठी ठेवलेली तपासणी, आणि मलेशिया त्या यादीत आहे. फिरायला जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही. पण टुरिस्ट म्हणून जाऊन तिकडे कामाला लागणारे खूप असतात, त्यामुळे मुंबईत दिरांना दोन प्रश्न जास्त विचारतील हे धरूनच चला. रिटर्न तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाच्या पैशाचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या हातात द्या, तुमच्या पर्समधे नको, आणि काउंटरला सगळे एकत्र उभे राहा. कुठे राहणार, किती दिवस, घरी काय करता, याची उत्तरं त्यांनाच देऊ द्या, वहिनींनी मधे बोलायचं नाही! ते इन्कम टॅक्स भरत असतील तर पासपोर्टवरचा ईसीआरचा शेरा काढूनही टाकता येतो, पण त्यासाठी पासपोर्ट रीइश्यू करावा लागतो, वेळ असेल तरच त्यात पडा.

पासपोर्ट सगळ्यांचे पोचल्याच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारे हवेत. मुलाचा खास बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि आईबापांचा दहा वर्षांचा म्हणून त्याचा संपत आलाय हे लक्षातच येत नाही.

मग एमडीएसी, म्हणजे मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, मुलाचं पण वेगळं, आणि ते फुकट आहे. गूगल केलं की पैसे मागणाऱ्या साइट्स वरच दिसतात, तिकडे कार्ड नंबर देऊ नका, मलेशियाच्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवरच भरा. पासपोर्ट नंबरमधलं शून्य आणि ओ नीट बघा. ईमेलवर कन्फर्मेशन येतं, त्याची प्रिंट काढा, मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेतच संपते.

सिंगापूरला मात्र आपल्याला व्हिसा लागतो! तो इथूनच अधिकृत एजंटकडून काढून घ्या, शिवाय त्यांचंही अरायव्हल कार्ड वेगळं, तेही फुकट. आणि सिंगापूरहून परत मलेशियात शिरताना ती नवी एन्ट्री, म्हणजे एमडीएसी पुन्हा भरायचं, नुसतं पहिलं दाखवून चालत नाही. बसने गेलात तर दोन्ही बाजूंना सामानासकट उतरून रांगेत उभं राहावं लागतं, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळचं कुठलंही तिकीट आधी काढून ठेवू नका.