लष्करातला जनरल पुढे खरंच सुधारक नेता झाला, असं कोणी आहे का?

आहे ना, तुर्कस्तानचा मुस्तफा केमाल पाशा, म्हणजेच अतातुर्क. पहिल्या महायुद्धात, १९१५ ला गॅलिपोलीत ब्रिटिश आणि अँझॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या) सैन्याला अडवल्यामुळे त्याचं नाव झालं, मग १९२१ ला साकार्याच्या लढाईत ग्रीक सैन्य थोपवलं आणि पुढच्या वर्षी त्यांना अनातोलियातून, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातून, बाहेरच काढलं. एवढ्यावर थांबून लष्करशहा म्हणून बसला असता तरी त्याला कोणी जाब विचारला नसता, पण माणसाने सल्तनत बंद केली, २९ ऑक्टोबर १९२३ ला प्रजासत्ताक आणलं आणि १९२४ मध्ये खिलाफत, म्हणजे मुस्लिम जगाच्या धर्मप्रमुखाचं पदच रद्द केलं. (आपल्याकडे ते पद वाचवायला खिलाफत चळवळ चालू होती, तिची सेंट्रल कमिटी मुंबईत होती, तिच्यातली हवाच गेली त्यामुळे.)

माझ्या मते सगळ्यात मोठं काम १९२६ चं. स्विस कायद्याच्या धर्तीवर सिव्हिल कोड (लग्न, वारसा वगैरेंचा नागरी कायदा) आणला, त्यामुळे बहुपत्नीत्व बंद आणि बायकांना घटस्फोटाचा, वारसाहक्काचा समान अधिकार, आणि १९३४ ला संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क, फ्रान्सच्याही आधी! १९२८ ला अरबी लिपी काढून लॅटिन लिपी आणली तेव्हा स्वतः फळ्यासमोर उभा राहून लोकांना अक्षरं शिकवायचा, ते फोटो बघाच.

पण त्याला लोकशाहीवादी म्हणू नका प्लीज. राज्य एकाच पक्षाचं होतं, १९३० ला त्याच्याच सांगण्यावरून निघालेला विरोधी पक्ष काही महिन्यांत गुंडाळला गेला, आणि कुर्द या तिथल्या अल्पसंख्याक लोकांचे उठाव फार क्रूरपणे चिरडले, हे कौतुक करणारे बरेचदा सांगतच नाहीत.