दप्तर रात्रीच भरायचं

अगं, पोरगा शाळेची तयारी स्वतः करत नाही म्हणतेस, पण सहा वर्षांच्या पोराला ‘नीट आवर’ म्हटलं तर काय कळणार? ‘मोजे बुटात, बाटली ओट्यावर’ असं सांग. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारभर कूलरपुढे झोप अन् रात्री बारापर्यंत जागरण; म्हणून शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधीच सवय लावायला सुरुवात कर. एकच काम धर: जेवण झालं की वेळापत्रक बघून दप्तर भरायचं. तू शेजारी बस, हात लावू नको. मी स्वतःच भरत राहिले, तर चौथीतही पोरगी ‘आई, माझी वही कुठंय?’ विचारायची! दप्तराची खुंटी त्याच्या उंचीला ठोक. आमची उंच होती, दप्तर दारातच पडायचं. वही राहिली तर शाळेत नेऊन देऊ नको. डबा राहिला तर दे बाई, उपाशी कसं ठेवणार!