स्वयंचलित गिअरबॉक्स मजबूत करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

वाहनविषयक वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ह्यूस्टनजवळ राहतो. माझ्याकडे २००२ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० पिकअप आहे. इंजिन ५.३ लिटरचे व्ही-८ आणि गिअरबॉक्स ४एल६०-ई आहे. उन्हाळ्यात बोटीचा ट्रेलर जोडून आम्ही गॅल्व्हेस्टनला जातो. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी कॅमशाफ्ट बदलण्याचा विचार आहे, पण त्याआधी गिअरबॉक्स मजबूत करून घ्यावा असे वाटते. एका दुकानदाराने जास्त स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर आणि शिफ्ट किट बसवण्याचा सल्ला दिला आहे. एवढे पुरेल का? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : एवढे पुरणार नाही. त्यातला जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर तर आपल्या कामासाठी अपायकारकच ठरेल. (टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणारा भाग; गाडी जागेवर धरलेली असताना इंजिन जेवढ्या फेऱ्यांपर्यंत चढू शकते, तो त्याचा स्टॉल.) मात्र इंजिनाला हात लावण्याआधी गिअरबॉक्सचा विचार केलात, हा क्रम अगदी योग्य आहे.

आपला गिअरबॉक्स मूळचा जनरल मोटर्सच्या १९८२ सालच्या ७००-आर४ या गिअरबॉक्सचा वंशज आहे. १९९३ पासून त्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले आणि त्याच्या नावाला 'ई' जोडला गेला. नावातला '६०' हा आकडा त्याची तुलनात्मक ताकद सांगतो. तो साधारण ३६० पाउंड-फूट, म्हणजे ४८८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल असे धरले जाते, आणि आपले इंजिन मुळातच ४४० च्या आसपास टॉर्क देते. म्हणजे कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाच हातचा राखलेला वाव थोडा होता, आणि ट्रेलर जोडताच तो जवळजवळ संपतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याबद्दल, म्हणजे कॅमशाफ्टबद्दलही एक गोष्ट आताच सांगणे भाग आहे. बाजारात मिळणारे बहुतेक कॅमशाफ्ट वरच्या फेऱ्यांवरची ताकद वाढवतात आणि खालच्या फेऱ्यांवरची थोडी कमी करतात. ट्रेलर ओढणाऱ्याला गरज असते ती नेमकी खालच्या ताकदीची. त्यामुळे कॅम निवडताना ओढण्यासाठी बनवलेलाच मागावा.

आता गिअरबॉक्सकडे वळू. माझ्या अनुभवात अशा गिअरबॉक्सचे मरण बहुतेक वेळा उष्णतेमुळे ओढवते, आणि म्हणून सगळ्यात पहिला खर्च कूलरवर व्हावा असे माझे ठाम मत आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद ऑइलच्या प्रवाहातून पुढे जाते. जोपर्यंत कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडून धरत नाही, तोपर्यंत इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या फेऱ्यांमध्ये जो फरक राहतो, त्या फरकाइतकी ताकद ऑइल तापवण्यातच वाया जाते. मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा असा आहे की सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांमागे ऑइलचे आयुष्य निम्मे होते. हा ठोकताळा काटेकोर नियम नसला तरी दिशा बरोबर दाखवतो. तापलेल्या ऑइलमुळे रबरी सील कडक होतात, कडक सीलमधून दाब गळतो, दाब कमी पडला की क्लचप्लेटा घसरतात, आणि घसरणाऱ्या प्लेटा ऑइल आणखी तापवतात. हे चक्र एकदा सुरू झाले की नवे ऑइल भरूनही ते थांबत नाही.

म्हणून रेडिएटरच्या टाकीतल्या मूळ कूलरमधून बाहेर आलेले ऑइल पुढे बसवलेल्या वेगळ्या, मोठ्या कूलरमधून फिरवून मग गिअरबॉक्सकडे परत पाठवावे. सोबत तापमान दाखवणारा मीटर बसवावा. तो नसेल, तर आपण केलेल्या बाकीच्या कामाचा उपयोग झाला की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही.

जास्त स्टॉलच्या कन्व्हर्टरला मी विरोध का करतो, हे यावरून लक्षात येईल. अशा कन्व्हर्टरमुळे गाडी जागेवरून झपाट्याने उसळते, कारण इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत मोकळे फिरते. शर्यतीत काही सेकंदांसाठी ते उपयोगी आहे, पण दीड-दोन टनांचा ट्रेलर बोटीच्या उतारावरून वर ओढताना तेच मोकळे फिरणे ऑइल उकळवते. आपण मूळच्याच जवळपास स्टॉल असलेला, पण लॉकअप क्लच मोठा आणि दणकट असलेला कन्व्हर्टर घ्यावा.

गिअरबॉक्स उघडला की कारागिराने कुठे पाहावे, हेही सांगतो. या प्रकारात व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब जागोजागी पोहोचवणाऱ्या भागाच्या, ॲल्युमिनियमच्या भोकात लॉकअपचा नियामक व्हॉल्व्ह पुढे-मागे सरकून ते भोक झिजते. मग दाब गळतो, लॉकअप घसरतो आणि संगणक पी-१८७० हा कोड नोंदवतो. कोड आला नसला तरी भोक तपासून घ्यावे आणि झिजले असेल तर बुश घालून दुरुस्त करावे, कारण झिजलेल्या व्हॉल्व्ह बॉडीवर नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे आहे. सोबत मोठा बूस्ट व्हॉल्व्ह बसवला, तर प्लेटांना दाबणारा ऑइलचा दाब वाढतो.

शिफ्ट किट हेच काम दुसऱ्या बाजूने करते. गिअर बदलताना बसणारा धक्का मऊ व्हावा म्हणून कारखान्यात ठेवलेली ढिलाई ते कमी करते, त्यामुळे प्लेटा कमी वेळ घसरतात आणि कमी तापतात. पण येथे संयम हवा. काही तरुण मालकांना प्रत्येक गिअरला पाठीत बुक्की बसावी असे वाटते. तो धक्का सर्वांत आधी पोहोचतो सन शेल नावाच्या पत्र्याच्या भांड्यापर्यंत, आणि या गिअरबॉक्सची ही सर्वांत प्रसिद्ध दुबळी जागा आहे. ते तुटले किंवा त्याचे दाते झिजले की रिव्हर्स, दुसरा आणि चौथा गिअर एकदम नाहीसे होतात, पहिला आणि तिसरा मात्र चालू राहतात. ही खूण लक्षात ठेवली तर दुकानात कोणी आपली दिशाभूल करू शकणार नाही. बाजारात कडक केलेले, जाड शेल मिळते, आणि गिअरबॉक्स उघडलाच असेल तर ते न बदलता परत बंद करणे मला मान्य नाही.

दुसरी दुबळी जागा आहे तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचप्लेटांचा संच. पातळ पण जास्त संख्येच्या प्लेटा बसवून त्याची पकड वाढवता येते. मात्र प्लेटांमधली मोकळीक मोजूनच जोडणी झाली पाहिजे, नुसत्या अंदाजावर केलेली जोडणी मूळ संचापेक्षा लवकर जळते. दुसऱ्या गिअरच्या पट्ट्यासाठी कॉर्व्हेट गाडीचा मोठा सर्व्हो (पट्टा आवळणारा पिस्टन) मूळच्याच जागेत बसतो आणि स्वस्त पडतो. ४एल६५-ई या पुढच्या आवृत्तीतले प्लॅनेटरी संच (एकमेकांत गुंतलेल्या दातेरी चाकांचे संच) चार ऐवजी पाच पिनियनचे, म्हणजे पाच छोट्या चाकांचे असतात, ते मिळाले तर उत्तमच.

एवढे करूनही जर पुढे आपल्याला याहून बराच जास्त टॉर्क काढायचा असेल, तर हाच गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा मजबूत करत बसू नये. जुन्या टर्बो ४०० गिअरबॉक्सवरून १९९१ साली आलेला ४एल८०-ई बसवावा. तो जवळपास ४० किलो जड आहे, लांबीला मोठा आहे, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, आधाराची आडवी पट्टी सरकवावी लागते आणि संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलावे लागते. पण ओझे ओढण्यासाठीच तो घडवलेला आहे.

ऑइल डेक्सरॉन-६ वापरावे. नुसते पॅन उतरवले तर पाचएक लिटर निघते, पूर्ण भरताना साधारण साडेदहा लिटर लागते. प्लेटा जळाल्या असतील तर जुना कूलर धुऊन घेण्यापेक्षा बदलणे बरे, त्याच्या नळ्यांत अडकलेला चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. आणि ट्रेलर मागे असताना गिअर तिसऱ्या-चौथ्यात सतत खाली-वर होऊ लागला, तर लिव्हर तिसऱ्यावर आणून ठेवावा. त्या ये-जा करण्यात लॉकअप सारखा सुटतो, आणि सारी उष्णता तिथूनच येते.

प्रश्न : माझ्या गाडीचे इंजिन १.५ लिटरचे टर्बो पेट्रोल असून गिअरबॉक्स सात गिअरचा, ड्राय ड्युअल क्लचचा (दोन कोरड्या क्लचचा) आहे. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून, टॉर्क २५० वरून ३२० न्यूटन-मीटरपर्यंत नेता येतो असे मला सांगण्यात आले. गिअरबॉक्ससाठी काय बसवावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा फोक्सवॅगन गटाचा डीक्यू-२०० गिअरबॉक्स दिसतो. त्याची मर्यादाच २५० न्यूटन-मीटर आहे आणि आपले इंजिन नेमके तेवढेच देते. वर काहीच शिल्लक नाही. शिवाय हे क्लच ऑइलमध्ये बुडालेले नसतात, त्यामुळे वरील उत्तरातला कूलर येथे क्लचच्या कामाचा नाही. रिमॅप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वॉरंटीचा प्रश्न त्याहून वेगळा.

या गिअरबॉक्सचे आयुष्य वाढवण्याचा खरा उपाय चालवण्यात आहे. चांदणी चौकात किंवा कात्रजला पुढची गाडी फूटभर सरकली की आपणही फूटभर सरकायचे, ही सवय सोडावी. त्या रांगण्यात क्लच पूर्ण न धरता अर्धवट घासत राहतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरू नये, ब्रेक दाबावा.

प्रश्न : माझी इनोव्हा क्रिस्टा २.८ ऑटोमॅटिक १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. गिअरबॉक्सचे ऑइल एकदाही बदललेले नाही. मशीन लावून पूर्ण फ्लश करावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गिअर व्यवस्थित पडत असतील तर मशीनच्या फ्लशची गरज नाही. पॅन उतरवून लोहचुंबकांवरचा गाळ पाहावा. बारीक राखाडी लगदा ही नेहमीची झीज आहे, पण हाताला टोचणारे कण दिसले तर काम थांबवून तज्ज्ञाला दाखवावे. फिल्टर बदलून जेवढे निघाले तेवढेच टोयोटा डब्ल्यूएस ऑइल भरावे, हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा तसेच करावे. दोन-तीन वेळा केल्यावर बहुतांश ऑइल नवे झालेले असते. गिअर आताच घसरत असेल तर मात्र नवे ऑइल हा इलाज नाही.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल कंपनीने ठरवलेल्या तापमानाला असताना, खालचा प्लग उघडून पाहावी लागते. तापमान वाचणारा स्कॅनर न लावता अंदाजाने भरून देणाऱ्या कारागिराकडे हे काम देऊ नये.